पाण्यावरचे मंडप : हनोई ते ह्वे

सोमवार, हनोई

मे महिन्याच्या अखेरीस मध्य व्हिएतनामात जाऊ नये, असे प्रवासाची माहिती देणारे बहुतेक जण सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. कारण या दिवसांत लाओसच्या डोंगरांवरून उतरणारा कोरडा, तापलेला वारा ह्वे शहराला भाजून काढतो. तरीही आम्ही हेच दिवस निवडले. ह्वे येथील राजवाड्यात आणि राजांच्या समाधिस्थळांत पाण्यावर उभारलेले जे लाकडी मंडप आहेत, ते उन्हाळ्यासाठीच बांधलेले असल्यामुळे उन्हाळ्यात पाहावेत, असे माझे मत होते. कमळेही याच काळात फुलतात. सोबत थोरली बहीण आणि भाऊजी होते. भाऊजींचे सगळे आयुष्य संगमेश्वराकडे घरे बांधण्यात आणि जुनी घरे उतरवण्यात गेले असल्यामुळे, खांब दिसला की ते आधी हात लावतात आणि मग वर बघतात. या प्रवासात त्यांची ही सवय फार उपयोगी पडली.

मुंबईहून हनोईला आता थेट विमान मिळते. रात्रीच्या गाडीला वेळ होता, म्हणून दुपार वान मिएउ या कन्फ्यूशियसच्या मंदिरात घालवली. हे मंदिर १०७० साली स्थापन झाले आणि १०७६ मध्ये त्याला जोडून राजविद्यालय सुरू झाले. एकामागून एक अशा पाच चौकांतून जाणाऱ्या सरळ वाटेवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकाच्या मध्ये ख्वे वान काक हा मंडप उभा आहे. खाली विटांचे चार चौकोनी खांब, त्यांच्यामध्ये मोकळी जागा, आणि वर लालसर लाकडी मजला, ज्याच्या चारही बाजूंना किरणे फुटलेल्या गोल खिडक्या आहेत. पलीकडच्या चौकोनी तळ्यात तो अख्खा दिसतो, आणि एक लाखाच्या व्हिएतनामी नोटेवर याच स्थळाचे चित्र असल्यामुळे तो बहुतेकांनी येण्यापूर्वीच पाहिलेला असतो.

मंदिर हजार वर्षांचे म्हणून मंडपही तेवढाच जुना, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो १८०५ चा आहे. न्गुएन घराण्याचा पहिला राजा झा लाँग याने १८०२ मध्ये देश एका छत्राखाली आणला, राजधानी दक्षिणेला ह्वे येथे नेली आणि तिच्यामागोमाग राजविद्यालयही हनोईतून गेले. म्हणजे परीक्षा देणारे विद्यार्थी दुसरीकडे निघून गेल्यावर त्यांच्या जुन्या अंगणात हा देखणा मंडप उभा राहिला. शेजारच्या चौकात कासवांच्या पाठीवर उभ्या असलेल्या ८२ शिला आहेत आणि १४४२ ते १७७९ या काळातील परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. त्या शिला मला मंडपापेक्षा जास्त बोलक्या वाटल्या. मंडपावर चढू देत नाहीत. जिथे बसता येत नाही, त्या मंडपाविषयी फार लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

मंगळवार, ह्वे

हनोई ते ह्वे हे लोहमार्गाने ६८८ किलोमीटरचे अंतर मीटर गेजवरून रात्रभर डुलत कापले जाते. ह्वेच्या स्थानकातून बाहेर पडताच वाऱ्याने तोंड भाजले. सामान ठेवून, दुपारी विश्रांती घेऊन, तीननंतर राजवाड्यात गेलो.

ह्वे ही १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुएन राजांची राजधानी होती. युनेस्कोने १९९३ मध्ये येथील वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि तो मिळालेले हे व्हिएतनाममधील पहिले स्थळ ठरले. बाहेरचा कोट युरोपीय दुर्गरचनेच्या धर्तीवरचा, साधारण दहा किलोमीटर घेराचा. त्याच्या आत अडीच किलोमीटर घेराची राजनगरी, आणि तिच्याही आत राजाचे खासगी वाडे. हे सर्व आज एकसंध उरलेले नाही. फेब्रुवारी १९४७ मधील लढाईत आतल्या वाड्यांपैकी बहुतेक जळाले आणि उरल्यासुरल्याची १९६८ च्या लढाईत दैना झाली. त्यामुळे नुकतेच सोन्याचांदीने मढवल्यासारखे चमकणारे सिंहासनगृह, पुढे गवतात नुसते जोते, आणि त्यापलीकडे २०२४ मध्ये नव्याने उभा राहून खुला झालेला किएन त्रुंग वाडा, असा विचित्र क्रम पाहावा लागतो. बहिणीला नवे वाडे आवडले. मला जोत्यांजवळ जास्त वेळ घालवावासा वाटला.

अशाच एका जागी मिन्ह मांग राजाने १८२८ मध्ये थिएउ फुआंग ही वाटिका केली होती. तिच्यातील छपराची पायवाट स्वस्तिकाच्या आकारात वळवलेली होती, म्हणजे पावसात न भिजता आणि उन्हात न तापता चारही कोपऱ्यांतील फुलझाडांपर्यंत जाता यावे. मिन्ह मांगचा मुलगा थिएउ त्री याने राजधानीतील वीस रम्य स्थळांवर कविता रचल्या, त्यांत ही वाटिका दुसरी आहे. भारतीय डोळ्यांना स्वस्तिक दिसले की पूजेचे पान आठवते. इथे बौद्ध वळणाने आलेले तेच चिन्ह जमिनीवर चालण्याची वाट झाले होते.

आमचा खरा मुक्काम मात्र पश्चिमेकडील झिएन थो वाड्यात होता. हा राजमातांचा वाडा. झा लाँगने १८०४ मध्ये आपल्या आईसाठी तो बांधला, आणि पुढे प्रत्येक राजाची आई इथे राहिली. मुख्य दालनाच्या पूर्वेला एक आयताकृती तळे आहे, त्यात कृत्रिम खडक रचलेले आहेत, आणि पाण्यावर खांब रोवून त्रुआंग झू हा छोटा लाकडी मंडप उभा केलेला आहे. दालनापासून मंडपापर्यंत छपराची वाट आहे. तो १८४९ चा, म्हणजे तू दुक राजाच्या कारकिर्दीतला. तू दुक गादीवर येऊन दोनच वर्षे झाली होती आणि वाड्यात त्याची आई तू झू राहत होती.

हे मायलेक व्हिएतनामी इतिहासात प्रसिद्ध आहेत. तू दुकने आईचे बोल लिहून ठेवण्यासाठी एक वही केली होती. शिकारीला गेला असता पुरामुळे परतायला उशीर झाला, तेव्हा त्याने आईसमोर आडवे पडून स्वतःच वेताची छडी पुढे केली, ही गोष्ट ह्वेमध्ये अजून सांगितली जाते. सम्राटाने छडी मागावी आणि आईने ती बाजूला सारावी, या गोष्टीत अतिशयोक्ती किती ते बाजूला ठेवले, तरी मंडप मात्र समोर आहे आणि तो कोणासाठी बांधला हे त्याच्या आकारातच दिसते. दरबार भरवता येईल इतकी जागा त्यात नाही. चार बायकांनी पानाचे तबक ठेवून बसावे, एवढीच ती आहे.

मंडपात पाऊल टाकताच हवा बदलली. खालचे पाणी सावलीत असते, खडकांच्या मागून वारा येतो, आणि बाजूला भिंत नसल्यामुळे तो अडत नाही. कौलारू छप्पर जड आणि वळचण खाली ओढलेली असल्यामुळे उभ्या माणसाला आकाश दिसतच नाही, मात्र बसले की पाणी, खडक आणि समोरची भिंत एवढेच चौकटीत बसते. या इमारती उभ्याने पाहण्यासाठी केलेल्या नाहीत, हे तिथे लक्षात आले. येणारे बहुतेक लोक तळ्याच्या पलीकडून छायाचित्र घेऊन पुढे जातात, म्हणजे मंडप पाहतात. मंडप ज्यासाठी बांधला ते पाहत नाहीत. आम्ही दरवाजे बंद होण्याची वेळ होईपर्यंत तिथेच बसलो. भाऊजींनी खांबाच्या बुडाशी लाकडाऐवजी दगड आहे का ते वाकून पाहिले, आणि "पाण्यात लाकूड ठेवलं नाही, हे बरं केलं," एवढा अभिप्राय दिला.

बुधवार, तू दुकचे समाधिस्थळ

सकाळी सात वाजताच निघालो. शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, पाइनच्या टेकड्यांत, सुमारे बारा हेक्टर जागेवर हे स्थळ पसरले आहे. १८६४ ते १८६७ या काळात ते बांधले गेले, आणि तू दुक १८८३ मध्ये मरण पावला; याचा अर्थ मधली सोळा वर्षे तो इथे जिवंतपणी येऊन राहत असे. म्हणून याला नुसती समाधी म्हणणे अपुरे आहे. अर्धा भाग राहण्याचा, अर्धा मरणानंतरचा, आणि दोहोंना जोडणारे एक वळणावळणाचे तळे, अशी त्याची रचना आहे.

वू खिएम या दरवाजातून आत गेले की विटांची फरसबंदी केलेली वाट वळत जाते. सरळ रेषेत काहीच येत नाही. तळ्याचे नाव लुउ खिएम. ते मूळच्या ओढ्याला अडवून आणि रुंद करून केले. त्यात तिन्ह खिएम नावाचे बेट आहे, जिथे लहान प्राणी सोडून राजासाठी शिकारीची सोय केलेली होती. काठावर दोन मंडप आहेत. झू खिएम हा होडीतून उतरण्याचा, राजाच्या राहत्या वाड्याच्या दरवाजासमोरचा. आणि सुंग खिएम हा बसण्याचा, वाचण्याचा, कविता करण्याचा. दुसरा १८६५ चा आहे, आणि आम्ही एवढ्या लांबून आलो होतो तो त्याच्यासाठी.

सुंग खिएमचा अर्धाअधिक भाग पाण्यावर आहे. खालचे आधार पाण्यात उभे आहेत, त्यांवर लाकडी खांबांची चौकट आहे, आणि मधल्या जागेभोवती तिन्ही बाजूंना कठड्याची उघडी पडवी फिरवलेली आहे. छपरावर एकआड एक उताणी-पालथी घातलेली कौले आहेत. जुनी कोकणी नळी-कौले पाहिलेल्या माणसाला ही मांडणी चटकन ओळखू येते, फक्त इथे उतार मंद आणि टोके किंचित वर उचललेली असतात. लाकूड गडद रंगाचे. नक्षी आहे, पण राजवाड्याच्या मानाने फारच आवरलेली. आम्ही पोचलो तेव्हा आत कोणी नव्हते, म्हणून कठड्यालगत बसून घेतले. कमळाची पाने कठड्याच्या खालपर्यंत आलेली होती. समोर बेट, त्याच्यामागे पाइन, डावीउजवीकडे वळून दिसेनासे होणारे तळे. तळ्याचे एकही टोक बसल्या जागेवरून दिसत नाही. त्यामुळे ते आहे त्याहून मोठे भासते. बागेची सगळी आखणी या एका बैठकीवरून केली असावी, असे मला ठामपणे वाटते, कारण दुसऱ्या कुठल्याही जागेवरून ती इतकी पूर्ण दिसत नाही.

आता त्या वर्षांत बाहेर काय चालले होते ते पाहावे. १८५८ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराने दा नांगवर हल्ला केला. जून १८६२ च्या सायगावच्या तहाने दक्षिणेकडील तीन प्रांत फ्रान्सला द्यावे लागले, आणि जून १८६७ मध्ये उरलेले तीन प्रांतही गेले. ही बाग नेमकी या दोन तारखांच्या मध्ये झाली. देश खालच्या बाजूने कातरला जात असताना राजा तळे खोदून घेत होता, असे लिहिणे सोपे आहे, आणि तेव्हाच्या लोकांनीही तेच म्हटले. बांधकामाला सुरुवातीला 'वान निएन', म्हणजे दहा हजार वर्षे, असे नाव होते. त्यावर, ही कसली दहा हजार वर्षे, तट सैनिकांच्या हाडांचे आणि खंदक रयतेच्या रक्ताचे, अशा अर्थाचा लोकांचा दोहा अजूनही ह्वेमध्ये सांगतात. सक्तीने आणलेले मजूर आणि सैनिक यांच्याकडून काम घेतले जात होते. सप्टेंबर १८६६ मध्ये द्वान हूउ त्रुंग आणि त्याचे भाऊ यांच्या नेतृत्वाखाली या मजुरांनी चुना कुटण्याची मुसळे हाती घेऊन राजवाड्यावर चाल केली. तू दुकच्या थोरल्या भावाचा मुलगा गादीवर बसवण्याचा त्यांचा बेत होता. उठाव मोडला गेला, पुढारी मारले गेले, आणि राजाने स्थळाचे नाव बदलून 'खिएम', म्हणजे नम्रता, हा शब्द तिथल्या एकूण एक इमारतीच्या नावात घातला. पन्नासेक इमारती आहेत. इतक्या पाट्यांवर नम्रता लिहावी लागणे, यातच तिची चणचण दिसते, असे माझे मत. बहीण म्हणाली, पश्चात्ताप झालेल्या माणसावर इतके कठोर होऊ नये.

तिच्या बाजूने एक भक्कम पुरावा तिथेच उभा आहे. राजाच्या समाधीपुढे शिलालेख असतो आणि तो गादीवर आलेल्या मुलाने वडिलांच्या स्तुतीसाठी लिहायचा असतो. देवी येऊन गेलेल्या, प्रकृतीने नाजूक असलेल्या तू दुकला इतक्या राण्या असूनही मूल झाले नाही, म्हणून त्याने लेख स्वतःच लिहिला. सुमारे वीस टनांच्या त्या शिळेवर ४,९३५ अक्षरे आहेत, आणि त्यांत आपले आजारपण, आपली चुकलेली माणसे, आपल्या काळात गेलेला मुलूख यांचा दोष त्याने स्वतःकडे घेतलेला आहे. कुठल्या राजाने स्वतःच्या थडग्यावर असा मजकूर कोरवून घेतल्याचे मला आठवत नाही. पण मजूर त्या मजकुरात जेवढे यायला हवे होते, तेवढे येत नाहीत, ही माझी तक्रार राहतेच.

राहत्या भागात ह्वा खिएम हे कामकाजाचे दालन आता राजाच्या आणि राणीच्या पूजेचे आहे. त्याच्या मागचे लुआंग खिएम हे मुळात राजाचे शयनगृह. पुढे तिथे तू झू हिची पूजा होऊ लागली. मुलगा १८८३ मध्ये गेला, आई १९०२ पर्यंत जगली. काल पाहिलेला मंडप आईसाठी आणि आजचा स्वतःसाठी, हे दोन्ही एकाच माणसाने सोळा वर्षांच्या अंतराने बांधले, आणि शेवटी आईची तसबीर त्याच्या झोपण्याच्या खोलीत आली. शेजारी मिन्ह खिएम हे नाट्यगृह आहे, त्याच्या छतावर ग्रहताऱ्यांची चित्रे आहेत. तिथे भाड्याने राजवेश घालून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची रांग होती, म्हणून आम्ही लवकर निघालो.

दुपारी बारानंतर उष्मा असह्य झाला, तेव्हा सुंग खिएममध्ये परत येऊन बसलो. सकाळी रिकामा असलेला मंडप आता भरलेला होता. शाळकरी मुले कठड्यावर पाय वर घेऊन बसली होती, एक आजोबा टोपीने वारा घेत होते, आणि रखवालदार मुलांना उतरायला सांगून स्वतः सावलीत थांबला होता.

गुरुवार, मिन्ह मांगचे समाधिस्थळ

मिन्ह मांग हा तू दुकचा आजोबा. आजोबाची जागा नातवाच्या जागेनंतर पाहिली, हे क्रमाने उलटे झाले तरी फायद्याचे ठरले. शहरापासून बारा किलोमीटरवर, हुआंग नदीच्या वरच्या अंगाला असलेले हे स्थळ १८४० मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी राजा वारला आणि थिएउ त्रीने १८४३ पर्यंत ते पुरे केले. इथे सगळे काही एका ७०० मीटर लांबीच्या सरळ रेषेवर आहे : दरवाजा, पुतळ्यांचे अंगण, मुलाने लिहिलेल्या शिलालेखाचा चौथरा, पूजेचे मंदिर, पूल, आणि मिन्ह लाउ हा दुमजली चौकोनी मंडप. दोन्ही बाजूंना तळी आहेत, पण रेषा कुठेही त्यांच्याकडे वळत नाही.

मिन्ह लाउ उंच चौथऱ्यावर आहे आणि प्रमाणबद्धतेत सुंग खिएमच्या कितीतरी पुढे आहे. तरीही तिथे बसावेसे वाटले नाही. तो पाहणाऱ्याला पुढे चालवतो, थांबवत नाही. मिन्ह मांग कणखर आणि शिस्तीचा राजा होता, आणि त्याच्या राज्यात दक्षिणेकडचा एकही प्रांत गेला नाही. राज्यकर्ता म्हणून कोणाला निवडावे याबद्दल मला शंका नाही. बाग मात्र मी नातवाचीच निवडीन.

संध्याकाळी नदीकाठच्या न्घिन्ह लुआंग मंडपापाशी आलो. राजाने नदीत उतरण्यापूर्वी वारा घेण्यासाठी थांबण्याची ही जागा. पन्नास हजारांच्या नोटेवर ती आहे. आसपास पतंग उडवणाऱ्यांची गर्दी होती. जेवायला शाकाहारी खानावळ सहज सापडली. ह्वेमध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमच्छी न खाणारी कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे अशा खानावळी गल्लोगल्ली आहेत.

शुक्रवार, किम लाँग आणि परतीची गाडी

सकाळ किम लाँग भागातील आन हिएन या बागेतल्या घराला दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे हे घर तीन खणी, दोन्ही अंगांना पाखाडी असलेले, आणि फणसाच्या लाकडाचे आहे. भाऊजींनी हात लावताच लाकूड ओळखले आणि मालकांच्या माणसाला खुणांनी विचारून खात्री करून घेतली. सांधे सगळे कुसू आणि खाचेचे, अडकवायला लाकडी खुंट्या. अशी घरे सुटी करून बैलगाडीतून किंवा होडीतून दुसऱ्या गावी नेता येत, विकली जात, आणि तिथे पुन्हा उभी राहत. राजवाड्यातील दुरुस्तीही याच रीतीने होते : छप्पर उतरवायचे, चौकट सोडवायची, प्रत्येक तुळईला क्रमांक द्यायचा, किडलेले तेवढे बदलायचे, आणि परत जुळवायचे. सिंहासनगृहाचे असे काम २०२१ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये संपले. वाळवी, दमट हवा आणि दर पावसाळ्यात चढणारे नदीचे पाणी यांच्यापुढे लाकडी मंडप टिकतो तो असाच, तुकड्यातुकड्याने नवा होत. "मग जुनं किती उरलं, हे विचारायचं नाही," भाऊजी म्हणाले, "जोड तोच आहे का, एवढं बघायचं."

दुपारच्या गाडीने दा नांगला निघालो. हाय वान घाटात लोहमार्ग समुद्राच्या कड्यावरून जातो, म्हणून ह्वेहून दक्षिणेला जाताना डावीकडची खिडकी मागून घ्यावी. राजवाडा आणि समाधिस्थळे यांचे एकत्रित तिकीट मिळते, आणि सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. मात्र त्याची मुदत मर्यादित असल्यामुळे घेण्यापूर्वी ती विचारून घ्यावी, नाहीतर दिवसभरात तीन राजे उरकण्याची पाळी येते आणि सुंग खिएमच्या वाट्याला दहा मिनिटे उरतात.